कालचा हशा उद्या परत मिळतो का?

पत्र :

प्रिय ताई,

मी २९ वर्षांची आहे. नोकरी सोडून दोन वर्षं फिजिकल थिएटरच्या एका शाळेत क्लाउनिंग शिकले, जोडीला इम्प्रोव्ह, म्हणजे आधी काही न ठरवता तिथल्या तिथे सीन उभे करणं. आता एका इम्प्रोव्ह ग्रुपबरोबर नियमित प्रयोग करते, अधूनमधून ओपन माइकला एकटी उभी राहते. अडचण अशी, की माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नाही. महोत्सववाले पाच मिनिटांची टेप मागतात. माझा प्रत्येक प्रयोग वेगळा, त्यातला कुठला पाठवू? मध्यंतरी एका सीनमध्ये घडीची खुर्ची उघडेना. मी तिच्याशी झटत राहिले आणि लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पुढच्या आठवड्यात तेच मुद्दाम केलं, तर कुणी हूं की चूं केलं नाही. बरोबरीचे स्टँडअपवाले केव्हाच पुढे गेले. मला फोन येतात ते वाढदिवसाला 'जोकर' हवा म्हणून. घरचे म्हणतात, काहीतरी ठरलेलं कर. मी स्टँडअपकडे वळू का? की शिकलेलं सगळं वाया गेलं?

– क्लाउनचं लाल नाक खिशात ठेवून फिरणारी

उत्तर :

प्रिय नाकवाली,

स्टँडअपचा प्रश्न सोपा आहे, त्याकडे नंतर येते. आधी ती खुर्ची. तू तिला तीन वाक्यांत उरकलंस, पण तुझी टेप, तुझा महोत्सव आणि घरच्यांना हवं असलेलं 'ठरलेलं काहीतरी', सगळं त्या खुर्चीपाशी अडकलंय.

पहिल्या रात्री नेमकं काय झालं ते तू लिहिलेलं नाहीस, म्हणून अंदाज करते. तुला बसायचं होतं. सीनमध्ये तू कुणीतरी मानाची बाई असशील, भाषण द्यायला आलेली, किंवा नवऱ्याला सोडून जाते असं सांगायला आलेली. बसल्याशिवाय पुढचं बोलणं शक्य नव्हतं. खुर्ची उघडेना. आपली फजिती होतेय हे तू लपवायला गेलीस. लोकांना दिसलं. त्यांना दिसलंय हे तुला कळलं. तू एकदा त्यांच्याकडे बघितलंस, सगळं व्यवस्थित चाललंय अशा चेहऱ्याने, आणि पुन्हा खुर्चीकडे वळलीस. हशा तिथे पडला असणार.

दुसऱ्या आठवड्यात खुर्ची तीच होती, झटापटही तीच. पण तुला बसायचंच नव्हतं, हशा हवा होता. समोरच्याला हे पहिल्या दहा सेकंदांत कळतं. सांगता येत नाही, पण कळतं.

तुझ्या शाळेत फ्रेंच नाट्यशिक्षक झाक लकॉक यांचा किस्सा सांगितला असेलच, तरी वाचकांसाठी सांगते. लकॉक यांनी १९५६ मध्ये पॅरिसमध्ये शाळा काढली आणि पुढे १९६०च्या दशकात क्लाउनचा शोध घ्यायला सुरुवात केली. एकदा त्यांनी विद्यार्थ्यांना सर्कशीच्या रिंगणासारखं गोलात बसवलं आणि सांगितलं, आम्हाला हसवा. एकेक जण उठला. कोलांट्या मारल्या, शाब्दिक कोट्या केल्या, वेडेवाकडे चेहरे केले. कुणीही हसलं नाही. शेवटी बिचारे खजील होऊन, वैतागून आपापल्या जागी परत निघाले, आणि तेव्हा सगळे खो खो हसले. हसवायचं सोडून दिलेला, पडलेला माणूसच त्यांना हवा होता. लकॉक यांचेच विद्यार्थी आणि पुढे स्वतः मोठे शिक्षक झालेले फिलिप गोलिए यांच्या वर्गात तर 'फ्लॉप' हा अभ्यासाचा विषय. आपला प्रयोग पडतोय हे ओळखायचं, ते लपवायचं नाही, आणि त्या पडण्यातून पुढची वाट काढायची.

हे शिक्षण उत्तम आहे. पण त्यात एक चकवा आहे आणि शाळेतून बाहेर पडलेले बहुतेक जण त्यात सापडतात. पडणं खरं असायला हवं हे इतकं मनावर ठसतं, की ठरवून केलेली प्रत्येक गोष्ट खोटी वाटायला लागते. इम्प्रोव्ह त्यात आणखी भर घालतं : आजचं आज, उद्या नवं. मग माणूस शंभर चांगल्या रात्री करतो आणि त्यातली एकही त्याच्या हाताला लागत नाही. तुझं नेमकं हेच झालंय. तुला विनोद येतो, तुला जमवता येत नाही. जमवता म्हणजे साठवता, या अर्थाने.

आता ग्रॉक आठव. हा स्विस क्लाउन, १८८०चा जन्म, १९५४ मध्ये निवृत्त झाला तोवर युरोपभर गाजत होता. त्याची एक गंमत फार प्रसिद्ध आहे. पियानो वाजवायला येतो, स्टूल पियानोपासून लांब आहे. तो विचार करतो, मग उठून जीव खाऊन अख्खा पियानो स्टुलाकडे ढकलत आणतो. दुसरी खुर्चीची. बैठक मोडून तो खुर्चीच्या आत अडकतो आणि तिथून एका उडीत पाठीच्या टोकावर जाऊन बसतो, मांडीवर मांडी टाकून. हे त्याने किती वेळा केलं असेल! पियानो जड आहे, स्टूल हलकं आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? पण पियानो ढकलणाऱ्या त्या माणसाला ते खरोखर सुचलेलं नसायचं. त्याला फक्त वाजवायचं असायचं. वर्षानुवर्षं तेच, आणि तरी पहिल्यांदाच.

तेव्हा पुन्हा करणं म्हणजे लबाडी, हे डोक्यातून काढून टाक.

तुमच्या इम्प्रोव्हच्या जगात हा वाद फार जुना आहे. शिकागोत डिसेंबर १९५९ मध्ये सेकंड सिटी हे विनोदी नाट्यगृह सुरू झालं. त्यांची पद्धत साधी होती. ठरलेला कार्यक्रम झाला की कलाकार पुन्हा स्टेजवर यायचे, लोकांकडून सूचना घ्यायचे आणि उत्स्फूर्त सीन करायचे. त्यातलं जे चाललं ते घासूनपुसून पुढच्या कार्यक्रमात जायचं. संस्थापकांपैकी बर्नी साहलिन्स यांचं मत ठाम होतं, की इम्प्रोव्ह हे मजकूर तयार करायचं हत्यार आहे, स्टेजवर विकायचा माल नव्हे. तिथलेच दिग्दर्शक डेल क्लोज यांना ते मुळीच पटायचं नाही. त्यांच्या लेखी इम्प्रोव्ह स्वतःच एक पूर्ण कला होती. त्यांनी 'हॅरॉल्ड' हा लांब प्रकार घडवला आणि १९८०च्या दशकात शार्ना हाल्पर्न यांच्याबरोबर तो वाढवला. साहलिन्स आणि क्लोज यावरून आयुष्यभर भांडले. मला विचारशील तर ग्रुपमध्ये खेळताना तू क्लोजची हो आणि एकटी उभी राहशील तेव्हा साहलिन्सची. आणि हेही बघ, की हॅरॉल्डलासुद्धा सांगाडा आहेच : एक सूचना, सुरुवात, सीनच्या फेऱ्या, मधले सामूहिक खेळ. क्लोजसाहेबांनीही सगळं वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं.

माइक निकल्स आणि इलेन मे या जोडीचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. दोघं शिकागोत कंपास नावाच्या ग्रुपमध्ये इम्प्रोव्ह करायचे. तिथे सापडलेले सीन त्यांनी इतक्या वेळा खेळून पक्के केले, की १९६०मध्ये ब्रॉडवेवर दोघांच्याच जोरावर कार्यक्रम उभा राहिला. त्यातले बहुतेक सीन बसवलेले होते, आणि एक मात्र रोज प्रेक्षकांकडून सूचना घेऊन तिथल्या तिथे. मला हे प्रमाण आवडतं. बसवलेल्यामुळे लोक तिकीट काढतात, आणि त्या एका उघड्या सीनमुळे तुझी धार बोथट होत नाही.

मग खुर्चीचं काय करायचं?

प्रयोगाच्या रात्रीच लिहून काढ. झोपायच्या आधी. विनोद लिहू नकोस, कारण त्यात विनोद नव्हताच. मला काय हवं होतं, आड काय आलं, पहिला हशा कुठे पडला, त्या क्षणी मी कुठे बघत होते, त्यानंतर मी काय ठरवलं, एवढंच लिही. फोन विंगेत चालू ठेवून फक्त आवाज रेकॉर्ड केलास तरी पुष्कळ होतं. हशाची जागा आवाजावरून चित्रफितीपेक्षा बरी कळते. चित्रफीत बघताना आपण स्वतःचे केस बघत बसतो.

मग त्यातलं काय बांधायचं आणि काय मोकळं ठेवायचं ते ठरव. बांधायचं ते असं : बाई कोण आहे, तिला का बसायचंय, खुर्ची कोणत्या तीन प्रकारे दगा देते, आणि शेवट. शेवट सगळ्यात आधी पक्का कर, कारण इम्प्रोव्हवाल्यांना शेवट करायची सवयच नसते. दिवे घालवणारा मित्र असतो ना तुमच्यात! एकटीला तो मिळणार नाही. मोकळं ठेवायचं ते म्हणजे दोन दग्यांमधला वेळ, कुणाकडे बघायचं ते, आणि बघून झाल्यावर काय करायचं ते. एखादा शिंकला, कुणी "उलटी धरा!" असं ओरडलं, तर ते घेता यायला हवं. नाटकातली मंडळी ज्याला ॲडिशन घेणं म्हणतात ते तुला उत्तम येतं. फक्त ॲडिशन कशात घ्यायची ते मूळ तुझ्याकडे अजून नाही.

बसण्याची निकड मात्र रोज नव्याने शोधावी लागेल. इथे तुझं शिक्षण कामाला येतं. इम्प्रोव्हचे शिक्षक कीथ जॉनस्टन लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात नटांना दर्जाचे खेळ खेळायला लावत : कोण वर, कोण खाली, आणि दर क्षणाला ते कसं पालटतं. खुर्चीशी तो खेळ खेळून बघ. आज तू तिच्यापेक्षा किंचित वरची आहेस, उद्या किंचित खालची. हालचाली त्याच राहतील आणि प्रयोग वेगळा होईल. जॉनस्टन यांचा आणखी एक आग्रह तुझ्या उपयोगाचा आहे. काहीतरी भन्नाट सुचवायच्या मागे लागू नका, जे ढळढळीत समोर आहे ते करा. खुर्ची उघडत नाही, तर पहिल्यांदा काय करशील? जरा जोर लावशील. मग जोर लावला नाही असं दाखवशील. बास, पुढची दोन मिनिटं यातच आहेत.

एक खुर्ची पक्की कर आणि तीच सगळीकडे घेऊन जा. हॉलवाल्यांची खुर्ची वापरायची नाही. तुझी खुर्ची कधी उघडेल आणि कधी नाही हे पूर्णपणे तुझ्या हातात असायला हवं. सांधा सैल-घट्ट करून घे, कडा घासून घे, बोटं कुठे चिमटू शकतात ते बघून ठेव. पडायचं असेल तर आधी मॅटवर पडून घे, आणि पोशाखाखाली गुडघ्याचे पॅड घाल. तू २९ची आहेस म्हणून हे तुला म्हातारपणाचं बोलणं वाटेल. वाटू दे, पण पॅड घाल.

आणि बाहेरून बघणारं कुणीतरी लागेल. क्लाउनला स्वतःचा चेहरा दिसत नाही. स्टँडअपवाला आपली टेप बघून वाक्य कापू शकतो, पण तुझा विनोद बघण्याच्या कोनात आणि थांबण्याच्या वेळेत आहे. ग्रुपमधला असा माणूस निवड जो सहज हसत नाही आणि कमी बोलतो. "इथे मला कंटाळा आला" एवढं सांगणारा माणूस पुरे. कसं दुरुस्त कर ते सांगणारा नको.

हा एक नंबर, म्हणजे खुर्चीचा बसवलेला छोटा प्रयोग, पहिल्या फटक्यात बसणार नाही. चार ठिकाणी पडेल. पण यावेळी पडलेला प्रयोग आणि चाललेला प्रयोग यांची तुलना करायला तुझ्याकडे काहीतरी एकसारखं असेल. आतापर्यंत तेच नव्हतं. रोज सगळंच बदलत असेल तर काय चुकलं हे कळणार कसं?

आता स्टँडअप. वळू नकोस, पण तिथे जा. एकट्याने केलेल्या पाच मिनिटांच्या विनोदाला आज सगळ्यात जास्त रात्री आणि सगळ्यात जास्त प्रेक्षक स्टँडअपच्या कट्ट्यांवर मिळतात. तुझा खुर्चीचा नंबर तिथेच घासला जाईल. फक्त ती जागा शब्दांसाठी बांधलेली असते, म्हणून काही गोष्टी आधी मागून घ्याव्या लागतात. निवेदकाला भेटून सांग, की मला माइकचा स्टँड बाजूला लागेल आणि दोन पावलं मोकळी जागा. मुख्य म्हणजे प्रेक्षकांवर थोडा उजेड हवा. स्टँडअपला डोळ्यांवर दिवा असला तरी चालतं, त्याला आवाज ऐकू आला की झालं. तुला डोळे दिसायला हवेत. अंधारात बघितलंस तर ते बघणं लोकांपर्यंत पोचत नाही. जमलं तर मध्यंतरानंतरची पहिली जागा माग, सामान आधी मांडून ठेवता येतं. आणि सलग बोलणाऱ्या जोरदार कलाकाराच्या लगेच मागे जाऊ नकोस. लोकांचे कान गरम असतात, डोळे थंड.

तुझ्या बरोबरीचे पुढे गेले ते तुझ्यापेक्षा विनोदी आहेत म्हणून नव्हे. त्यांचा प्रकार आयोजकाला दोन शब्दांत कळतो आणि त्यांचा सेट, म्हणजे ठरलेला मजकूर, खिशात असतो. तुझा प्रकार समजावून सांगावा लागतो. समजावणं सोडून दे. "मी क्लाउन आणि इम्प्रोव्ह यांच्या सीमेवर काम करते" असं कुणाला सांगू नकोस, ऐकणाऱ्याचा जीव जातो. "एक बाई, एक खुर्ची, पाच मिनिटं" असं सांग. गोलिए यांच्याकडे शिकलेला फिल बर्गर्स 'डॉक्टर ब्राउन' या नावाने जवळपास न बोलता कार्यक्रम करत असे, आणि २०१२ मध्ये एडिनबराच्या महोत्सवातला मुख्य कॉमेडी पुरस्कार त्यालाच मिळाला. तो सगळा स्टँडअपवाल्यांचा बालेकिल्ला. 'बोरॅट'वाला साशा बॅरन कोहेनही गोलिए यांच्याकडे शिकलेला. तो तर नाक न लावताच खऱ्या माणसांसमोर पडत असतो. तेव्हा हा रस्ता कुठे जात नाही असं नाही. अरुंद आहे, एवढं खरं.

वाढदिवसांच्या फोनवरून तुला राग येतो, हे पत्रात लपलेलं नाही. राग येण्याचं एक कारण मला पटतं : त्यांना तू नको असतेस, रंगीत केसांचा टोप हवा असतो. दुसरं कारण पटत नाही. लहान मुलांसमोर काम करणं म्हणजे खालची पायरी, असं तू धरून चालली आहेस. व्हायोला स्पोलिन यांचे खेळ, ज्यांच्यावर तुमचं सगळं इम्प्रोव्ह उभं आहे, ते १९३०च्या दशकाच्या अखेरीला शिकागोत मुलांबरोबर काम करताना आकाराला आले. त्यातली पुष्कळ मुलं स्थलांतरितांची होती. त्यांना भाषणं देऊन नाटक शिकवता येत नव्हतं, म्हणून खेळ. त्यांच्याच मुलाने, पॉल सिल्सने, ते खेळ सेकंड सिटीत नेले. मुलं फार प्रामाणिक प्रेक्षक असतात. कंटाळली की उठून जातात, टाळ्यांची भीड ठेवत नाहीत. खुर्चीचा नंबर त्यांच्यासमोर चालला तर तो कुठेही चालेल. तेव्हा जायचं तर आपल्या अटींवर जा. टोप नाही, फुगे नाहीत, वीस मिनिटं माझी. ज्यांना हे नको असेल ते फोन ठेवतील, ठेवू देत. आणि मनात तुच्छता असेल तर मुळीच जाऊ नकोस, कारण मुलांना ती पहिल्यांदा कळते. एक खबरदारी : दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या अंगावर कधी चालून जायचं नाही. रंगवलेल्या चेहऱ्याला पुष्कळ मुलं खरंच घाबरतात. लांब बसून स्वतःच्या उद्योगात राहा, त्याला यायचं असेल तर ते येईल.

पैशाबद्दल तू मोकळेपणाने विचारलं नाहीस, पण घरच्यांच्या वाक्यात तोच प्रश्न आहे. क्लाउन-इम्प्रोव्ह शिकलेली माणसं साधारण कशावर जगतात? शिकवण्यावर, कार्यालयांतल्या कार्यशाळांवर, जाहिरातींच्या आणि मालिकांच्या छोट्या भूमिकांवर, दुसऱ्यांच्या नाटकांत हालचाली बसवण्यावर, विनोदी लेखनावर. फक्त स्वतःच्या कार्यक्रमावर जगणारे थोडे, आणि तेही बऱ्याच वर्षांनी. कार्यालयांतल्या कार्यशाळा बऱ्या. ऐकून घेणं, समोरच्याचं पुढे नेणं, चुकलं तर सावरणं, हे तुमचे खेळ तिथे उपयोगी पडतात आणि मोबदलाही ठीक मिळतो. तिथे क्लाउन मात्र नेऊ नकोस. साहेबासमोर फजिती होण्याची तयारी कुणाचीच नसते, आणि तशी सक्ती करणं बरंही नाही. शिकवायला थोडी थांब. शाळेतून आल्या आल्या शिकवायला लागलं की माणूस आपल्या गुरूची वाक्यं वाटत सुटतो. ती आधीच पुष्कळ जण वाटतात.

रुग्णालयातल्या क्लाउनिंगचं तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या स्वभावाकडे बघून मी सुचवते. न्यूयॉर्कमध्ये १९८६ मध्ये बिग ॲपल सर्कसच्या मायकेल क्रिस्टेन्सन यांनी याची नीट घडी बसवली आणि आता ते जगभर चालतं. हे समाजसेवेचं सोपं काम आहे असं समजून जाऊ नकोस. वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. बहुधा जोडीने काम करतात. खोलीच्या दारात थांबून मुलाची परवानगी घ्यायची, आणि तो नको म्हणाला तर निघायचं. सुयांपासून औषधांपर्यंत त्याच्या आयुष्यात 'नको' म्हणता येईल असं दुसरं कुणी येत नसतं, तेव्हा त्याचा नकारसुद्धा तुझं कामच. शिवाय हात धुण्याचे, वस्तू पुसण्याचे नियम काटेकोर. २००५मध्ये इटलीत फ्लॉरेन्समध्ये ४० मुलांवर एक अभ्यास झाला. शस्त्रक्रियेआधी भूल देताना क्लाउन सोबत असलेल्या मुलांची भीती बाकीच्यांपेक्षा बरीच कमी होती. पण तिथल्या बऱ्याच कर्मचाऱ्यांना क्लाउन आत नको होते, कामात व्यत्यय येतो म्हणून. मला हा दुसरा भाग जास्त शिकवणारा वाटतो. मुलाला हसवणं हे अर्धंच काम, त्या खोलीत नर्सच्या पायात न येणं हे उरलेलं. काही ठिकाणी या कामाचं नियमित मानधन मिळतं, काही ठिकाणी नाही. आधी स्पष्ट विचारून घे. आणि तिथलं अनुभवविश्व स्टेजवर आणायचा मोह टाळ. ती मुलं तुझा मजकूर नव्हेत.

घरच्यांना काय सांगायचं? लकॉक सांगू नकोस, ग्रॉकही नको. त्यांना दोन रकाने करून दाखव : कोणत्या कामातून पैसे येतात आणि कोणत्या कामातून नंबर तयार होतो. पहिला रकाना भरण्याची जबाबदारी घे, म्हणजे दुसऱ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. नंबर थोडा उभा राहिला की त्यांना एकदा बोलाव. पहिल्या रांगेत बसवू नकोस. तू त्यांच्याकडेच बघत राहशील.

शेवटी टेप, कारण ती तुला लगेच लागणार आहे. ग्रुपच्या प्रयोगातले गमतीदार तुकडे जोडून पाठवू नकोस. इम्प्रोव्हची टेप बघणाऱ्याला नेहमी असंच वाटतं, की मजा तिथे बसलेल्यांना आली असेल, कारण ती सूचना त्यांनी दिलेली असते. खुर्चीचा नंबर सलग, एकाही कापणीशिवाय पाठव. कॅमेरा प्रेक्षकांच्या मागे, जरा उंचावर, असा की पुढच्या एक-दोन रांगांची डोकी दिसतील आणि तू पायांपर्यंत. जवळून चेहरा घ्यायचा नाही. तुझं अर्धं काम पायात आहे, आणि तू कुणाकडे बघतेस हे कळायला तो 'कुणी'सुद्धा चौकटीत लागतो. हशाचा आवाज नीट यायला हवा, म्हणून दुसरा फोन पहिल्या रांगेच्या खाली ठेव. सुरुवातीला नाव आणि संगीत नको, सरळ खुर्ची घेऊन चालत ये. या महोत्सवाची मुदत जवळ असेल आणि नंबर अजून कच्चा असेल तर हा सोड, पुढच्याला पाठव. निवडणाऱ्यांच्या डोक्यात पहिली टेप बराच काळ राहते.

– तुझी ताई